गिट थांबतं कोणासाठी?

गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकायला बसलेल्याची पहिली फजिती बहुधा ठरलेली असते. बदल नोंदवायला 'गिट कमिट' टाइप करून एंटर मारलं की अनोळखी पडदा उघडतो. अक्षरं दाबावीत तर भलतंच काही घडतं, आणि बाहेर पडायची वाट काही सापडत नाही. (एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. सुटलात!)

दोष गिटचा नाही. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या या साधनाला स्वतःचा एडिटरच (मजकूर लिहायचा प्रोग्राम) नाही. बदलाची नोंद हवी असली की ते एक साधी फाइल तयार करतं, दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देतं आणि तो बंद होईपर्यंत थांबतं. मग फाइल वाचतं. ती रिकामी असेल तर कमिट रद्द.

हा दुसरा प्रोग्राम कोणता, हे शोधायचा क्रम ठरलेला आहे: आधी 'गिट_एडिटर' हे व्हेरिएबल (संगणकात नावानिशी साठवलेली किंमत), मग 'कोअर.एडिटर' ही सेटिंग, मग 'व्हिज्युअल', मग 'एडिटर'. कुठेच काही नसेल, तर मूळ गिट 'व्हीआय' हा जुना एडिटर उघडतं; सुरुवातीचा तो अनोळखी पडदा त्याचाच. शेवटची दोन व्हेरिएबल्स म्हणजे कागदी टर्मिनलच्या काळातले अवशेष. तेव्हा उत्तर कागदावर छापून यायचं, म्हणून एकेक ओळ हाताळणारा एडिटर वेगळा ('एडिटर') आणि अख्खा पडदा वापरणारा वेगळा ('व्हिज्युअल').

व्हीआय इतका विचित्र का, तेही त्याच काळात दडलंय. प्रोग्रामर बिल जॉय यांनी तो बर्कली विद्यापीठात १९७६ च्या सुमारास लिहायला घेतला, तेव्हा त्यांच्या हाताशी ३०० बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. ८० बाय २४ चा पडदा भरायला मिनिटाहून जास्त! अशा वेळी मेन्यू दाखवणं ही चैनच. म्हणून एकेका अक्षराला एकेक आज्ञा.

आज आपल्या सवयीचा एडिटर लावायला एक ओळ पुरते. व्हीएस कोड या एडिटरसाठी ती अशी:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर "कोड --वेट"

(टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांत.) यातलं 'वेट' गाळू नका. ते नसेल तर 'कोड' ही आज्ञा खिडकी उघडून लगेच परतते, गिटला वाटतं लिहून झालं, आणि रिकामी नोंद पाहून ते कमिट सोडून देतं. 'वेट' असेल तर मात्र लिहून, सेव्ह करून तो टॅब बंद करायचा. नाहीतर टर्मिनलमध्ये गिट ताटकळत बसतं.