बोट उचललं तरी मोटर चालूच: होल्डिंग कॉन्टॅक्टची पार्श्वभूमी

हिरवं बटन दाबून सोडलं तरी मोटर चालू राहते. बटनात स्प्रिंग असते, बोट निघताच त्याचा कॉन्टॅक्ट सुटतो. मग कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, कॉइलला वीज मिळते कुठून? कॉन्टॅक्टरच्याच एका जादा कॉन्टॅक्टमधून. हा नॉर्मली ओपन (एरवी उघडा राहणारा) कॉन्टॅक्ट हिरव्या बटनाला पॅरललमध्ये जोडतात. कॉइलने आर्मेचर (हलणारा लोखंडी भाग) ओढलं की तो मिटतो आणि कॉइलची वीज आता त्यातून येऊ लागते. वायरमन याला ‘होल्डिंग’ म्हणतात. थांबवायचं लाल बटन नॉर्मली क्लोज (एरवी मिटलेलं) असून सिरीजमध्ये असतं. ते क्षणभर दाबलं तरी होल्डिंग सुटतं आणि पुन्हा हिरवं दाबेपर्यंत येत नाही.

कॉन्टॅक्टर हा मोठा रिलेच. रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, जन्माला आला तो मात्र तारायंत्राचा निरोप पुढे पाठवायला. १८३०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्री आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड डेव्ही यांनी, लांबच्या तारेतून आलेल्या क्षीण प्रवाहाने दुसरं, ताज्या बॅटरीचं सर्किट जोडायची युक्ती काढली. टप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताजा जुंपावा, तसं. रिले हे नावही त्या घोडेबदलावरूनच आलं.

सुटलेल्या रिलेला अर्थ दिला तो रेल्वेने. अमेरिकन संशोधक विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. त्यात रुळांतून फिरणारा प्रवाह रिलेला ओढून धरतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह तिथूनच परततो, रिले सुटतो आणि सिग्नल धोका दाखवतो. तार तुटली किंवा बॅटरी संपली तरी तेच. स्वतःच्या कॉन्टॅक्टवर धरून राहणाऱ्या रिलेला सिग्नलवाले ‘स्टिक रिले’ म्हणतात.

डीसी मोटरच्या जुन्या हाती स्टार्टरमध्येही हाच विचार दिसतो. हँडल स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलत न्यायचं, शेवटी नो-व्होल्ट कॉइल ते धरून ठेवायची. वीज गेली की हँडल उसळून मागे. पुश बटनाच्या स्टार्टरने हँडल काढलं, गुण ठेवला. माझ्या मते होल्डिंगची खरी किंमत इथेच आहे. साधा खटक्याचा स्विच वीज गेल्यावरही ‘चालू’वरच राहतो; वीज परतते तेव्हा करवतीच्या पात्याजवळ कोणाचा हात असेल, याची त्याला काय फिकीर? होल्डिंग मात्र वीज जाताच सुटतं.

‘लॅचिंग रिले’ नावाने विकला जातो तो प्रकार निराळा. तो कायम चुंबकाच्या किंवा यांत्रिक खटक्याच्या जोरावर वीज नसतानाही आहे तिथेच राहतो. वीजमीटरमध्ये ते सोयीचं, करवतीवर घातक. नावांच्या या घोळात बरेच जण चुकीचा रिले आणून बसतात.

रिलेला आठवण ठेवता येते म्हटल्यावर गणकयंत्रंही आली. जर्मन अभियंता कोनराड त्सुझेच्या १९४१च्या झेड३ या गणकयंत्रामध्ये २२ बिटांचे ६४ आकडे रिलेंमध्येच साठवले जात.

पुढे १९६९ मध्ये मोडिकॉन ०८४ हा पीएलसी (यंत्रं चालवणारा, प्रोग्राम करता येणारा नियंत्रक) आला आणि रिलेंची पॅनेलं प्रोग्राममध्ये शिरली. होल्डिंगची ओळ लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या आकृतीतल्या प्रोग्राममध्ये, जशीच्या तशी उतरली; पॅरलल कॉन्टॅक्टच्या जागी आता आउटपुटचा बिट असतो. नवशिके अडखळतात ते लाल बटनापाशी. बाहेर ते नॉर्मली क्लोजच जोडायचं, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबतं. पण न दाबलेलं असताना इनपुट चालू असल्याने लॅडरमध्ये त्याच बटनासाठी नॉर्मली ओपनची खूण काढावी लागते.