नळी चोंदत नाही, भिंत फुटते

मे महिना, सकाळचे साडेदहा. चोपडा तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेत नाना ठिबकच्या नळ्या तपासत होते. छातीच्या मधोमध काहीतरी आवळल्यासारखं झालं, डावा खांदा जड पडला. ते बांधावर टेकले. शेजारच्या शेतातला गडी धावत आला, हवा घातली आणि म्हणाला, "काही नही नाना, गॅस व्हयना." म्हणजे गॅस झालाय. आदल्या दिवशी लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी झाली होती, त्यामुळे ते सगळ्यांनाच पटलं. नानांनाही.

ओवा झाला, सोडा झाला, निंबाच्या सावलीत पडून झालं. दुपारी साडेतीनला दम लागायला लागला, तेव्हा गाडी काढली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाच वाजले होते. सकाळपासून साडेसहा तास. तो हार्ट अटॅक होता. नाना वाचले, पण हृदयाचा पुढचा मोठा भाग कायमचा गेला. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलतं. नानांचं हे 'पंपिंग' आता ३५ आहे. ओट्यावरून उठून गोठ्यापर्यंत गेले तरी मध्ये थांबावं लागतं.

त्या साडेसहा तासांत आत काय चाललं होतं, ते आपल्या खान्देशातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुठीएवढं, पाव किलोच्या आसपास वजनाचं हे यंत्र दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि सात हजार लिटर रक्त फिरवतं. एवढं रक्त त्याच्या स्वतःच्या पोटातून जात असलं तरी हृदयाच्या स्नायूला त्यातून थेट पिता येत नाही. महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, अगदी मुळाशी दोन रक्तवाहिन्या फुटतात, त्यांच्या फांद्या हृदयाला बाहेरून वेढतात आणि त्याच त्याला पाणी देतात. या मुख्य वाहिन्यांची आतली रुंदी तीन-चार मिलिमीटर. ठिबकच्या नळीपेक्षाही बारीक.

इथेच आपली फसगत होते. ठिबक आपण रोज पाहतो. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार साचतात, ड्रिपर चोंदतात, मग ॲसिड सोडून नळ्या साफ करतो. हृदयाचंही तसंच असणार, असं गृहीत धरतो. म्हणूनच "डॉक्टर, ब्लॉकेज विरघळवणारा काढा आहे का?" हा प्रश्न जळगावपासून नंदुरबारपर्यंत विचारला जातो, आणि 'नळ्या साफ करून देतो' म्हणणारे त्यावर पैसे कमावतात.

रक्तवाहिनी ही मेलेली प्लास्टिकची नळी नाही. तिची भिंत जिवंत आहे. चरबी नळीच्या आत, पाण्याच्या वाटेत साचत नाही. ती भिंतीत शिरते. आतल्या नाजूक अस्तराला तंबाखू, वाढलेला दाब किंवा साखर यांनी इजा झाली, की रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचे कण तिथून भिंतीत घुसतात. त्यांना खायला शरीराच्या संरक्षक पेशी येतात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. आत मऊ, लोण्यासारखा लगदा साठतो, वर पातळ साल धरते. पिकलेल्या गळवासारखं. हे दहा-वीस वर्षं चालू असतं आणि माणसाला काहीच जाणवत नाही, कारण सुरुवातीला भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळीच राहते.

मग एक दिवस ती साल फाटते. आतला लगदा रक्ताला लागतो. रक्ताला वाटतं जखम झाली, आणि बोट कापल्यावर जे ते करतं तेच इथे करतं: गुठळी बनवतं. काही मिनिटांत वाट बंद. हार्ट अटॅक म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. पुष्कळदा फाटणारी जागा ही अर्धीसुद्धा अरुंद झालेली नसते. "मागच्या वर्षी तर सगळं नॉर्मल होतं" आणि "रोज शेतात राबणारा माणूस, त्याला कसा आला?" या दोन्ही प्रश्नांचं उत्तर इथे आहे.

वाट बंद झाल्यावर वीसेक मिनिटांत स्नायूच्या पेशी मरायला लागतात. आधी आतल्या थरातल्या, मग बाहेरच्या. पाच-सहा तासांत त्या भागातलं बहुतेक सारं संपतं. मेलेला स्नायू परत उगवत नाही, तिथे नुसता वण राहतो. नाना निंबाखाली पडले होते तेव्हा हे चाललं होतं.

लक्षणं ओळखताना खान्देशात एक खास अडचण आहे. अटॅकमध्ये दरदरून घाम येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना घाम कोणाला येत नाही? फरक हाताला कळतो. उन्हाच्या घामात अंग तापलेलं असतं. अटॅकचा घाम गार असतो, कपाळ ओलं आणि थंड लागतं, चेहरा पांढराफटक पडतो. छातीत टोचत नाही, तर दाबल्यासारखं, कोणी छातीवर गोणी ठेवल्यासारखं वाटतं. कळ जबड्यात, पाठीत, हातात किंवा थेट बेंबीच्या वर जाते, आणि ही शेवटची जागाच 'गॅस' या शब्दाला बळ देते. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याला टेकलेला आहे, त्यामुळे तिथल्या अटॅकमध्ये मळमळ आणि ढेकर खरोखरच येतात. म्हणून 'ढेकर आला, बरं वाटलं' याला काही अर्थ नाही. असा त्रास पंधरा-वीस मिनिटं टिकला तर तो गॅस आहे की नाही हे ठरवण्याचा हक्क फक्त ईसीजीच्या कागदाला आहे. आणि पहिला ईसीजी साधा आला तरी त्रास चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढून घ्यायचा.

तेव्हा १०८ ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका फुकट आहे. माणसाला चालवायचं नाही, मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास साधी ॲस्पिरिन चावून खायला देतात, शक्यतो डॉक्टरांना किंवा १०८ च्या माणसाला फोनवरच विचारून. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर रक्तात उतरते आणि गुठळी वाढायला आडकाठी करते.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून घाट उतरून मोठ्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ जातो, ते तिथल्यांना सांगायला नको. अशा वेळी 'थेट प्लास्टीच (अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद वाट फुग्याने उघडणं) करू' म्हणून लांबचा रस्ता धरणं महागात पडतं. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात आधी घ्यावं आणि मग पुढे जावं, हा जगभर मानलेला नियम आहे. पहिल्या तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर जवळजवळ नाही.

आता, ती साल फाटूच नये म्हणून काय करायचं? ५२ देशांतल्या जवळपास तीस हजार लोकांवर झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायामाचा अभाव आणि दारूचं प्रमाण. याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, ५३ च्या आसपास आलेला दिसला. चुना लावून मळलेली तंबाखूही त्यात सुटली नाही. 'मी बिडी ओढत नाही, नुसती मळतो' याने हृदयाचं समाधान होत नाही.

जेवणाबद्दल मला आपल्या ताटाची बाजू घ्यावीशी वाटते. दादर ज्वारीची किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, हे हृदयाचे वैरी नाहीत. शेंगदाण्याचं तेलही वाईट नाही. वाईट आहे ते भाजीवर तरंगणारा तेलाचा थर आणि दुकानात पुन्हा पुन्हा उकळलेल्या तेलातली शेव. मीठ मात्र आपल्याकडे लपून येतं: बिबड्या, उडदाचे पापड, लोणचं, शेवभाजी. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही सगळं मिळून मर्यादा आहे.

रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, भिंतीतल्या लगद्यावरची साल जाड आणि पक्की करायला मदत करतं, ते काम रोज चालू असतं. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना डोस विचारून घ्यावा. कडक उन्हात कातडी थंड ठेवायला हृदयाला जास्त धावावं लागतं, त्यात अंगातलं पाणी कमी झालं की दाब एकदम पडतो.

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. त्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता थकवा, धाप, मळमळ, जबड्यात कळ. ते 'कामाचा शीण' म्हणून निघून जातं.

आमच्या काकूंनी सहा वर्षांत नानांची एक गोळी चुकू दिली नाही. परवा मी मशीन घेऊन गेलो होतो, नानांचा दाब पाहून झाल्यावर सहज काकूंच्या दंडाला पट्टा बांधला. १६२ आणि ९६. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतला, तेवढाच. "पाणी भरताना जरा दम लागतो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि कधीपासून ते त्यांना आठवेना. सोमवारी त्यांना चोपड्याला घेऊन जातोय, ईसीजी आणि साखर दोन्ही पाहायला.