डीजेचा बेस कोणाला नाचवतो, कोणाला पळवतो

वैशाखात चोपड्याजवळच्या एका गावात हळदीला गेलो होतो. आधी नेहमीची अहिराणी गाणी झाली, लहानमोठे सगळे नाचले, मग मामेभावाच्या मित्राने पेनड्राईव्हमधलं निव्वळ ईडीएम, म्हणजे मशीनवर बनवलेलं नाचायचं संगीत, लावलं आणि पाच मिनिटांत मांडवाचे दोन भाग झाले. पोरं बॉक्सच्या पुढ्यात, आणि आजी ओट्यावर सरकून म्हणते, "हाई गाणं शे का रे?" तिच्या बाजूला स्टीलच्या ग्लासात ताक होतं, प्रत्येक ठोक्याला त्यावर बारीक गोल लाटा उठत होत्या, मी किती वेळ तेच बघत बसलो.

कारण तेच गाणं कोणाला नाचवतं आणि कोणाला पळवतं असं का, याचं अर्धं उत्तर त्या ताकातच आहे. बेस, म्हणजे तो खालचा जाड आवाज, फक्त कानाने ऐकत नाही आपण, छातीत, पोटात पण लागतो. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत एका इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या कार्यक्रमात असं केलं की कानाला जवळपास कळतच नाही इतक्या खालच्या पट्टीतल्या आवाजाचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद करत राहिले, आणि ते चालू असताना लोक सुमारे 12 टक्के जास्त हलले. 2022 मध्ये हे छापून आलं. म्हणून मोबाईलच्या स्पीकरवर ईडीएम ऐकून "यात काय आहे" म्हणणाऱ्याचं चुकत नाही, त्याच्यापर्यंत तो बेस पोचलेलाच नसतो.

उरलेलं अर्धं डोक्यात. ठोका मिनिटाला 120 ते 130, म्हणजे आपण भरभर चालतो साधारण तोच वेग, मेंदू पुढचा ठोका कधी पडणार ते आधीच धरून बसतो. मग डीजे ढोल काढून घेतो, आवाज चढवत नेतो, ताणतो, ताणतो, आणि धप्पकन सोडतो, तो ड्रॉप. माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं की आवडत्या संगीतात तो खास क्षण यायच्या आधीच, नुसत्या वाट बघण्यात पण मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं. पण वाट कशाची बघायची हे माहीत पाहिजे ना! ज्याने हा प्रकार शंभर वेळा ऐकलाय त्याला ती मजा, नाहीतर ती शिट्टीसारखी चढण म्हणजे नुसता त्रास.

काहींना तर कुठलंच संगीत भिडत नाही, बार्सिलोनाच्या संशोधकांनी अशी धडधाकट माणसं शोधलीत, बाकी गोष्टींचा आनंद त्यांना नीट होतो. आजी त्यातली नाही. ती भजनात टाळ धरते, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी तोंडपाठ, तिचा कान शब्द आणि चाल शोधतो, आणि ईडीएममध्ये माल भरलेला असतो आवाजाच्या पोतात, एकच सूर हळूहळू उघडत जातो त्यात. सातपुड्यात काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल चालतो, तेच तेच परत परत, तिथे कोणी शब्द मागत नाही, कारण तिथला कान त्यातच वाढलाय.

घरी आल्यावर आजीला हेडफोन लावला, आवाज कमी ठेवून. म्हटलं, आजी, आता ढोल थांबेल, तू फक्त वाट बघ. तिने डोळे मिटले. ढोल परत आला तसं तिचं बोट चटईवर पडायला लागलं, बरोबर ठोक्यावर, गाणं संपेपर्यंत. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शब्द टाक रे यामा."