युफोनियम

युफोनियम हे पाश्चात्त्य बँडमधील मंद्र स्वरक्षेत्राचे पितळी सुषिर वाद्य आहे. त्याची मुख्य नळी सुमारे २.७५ मी. लांब असून ती बी फ्लॅट या स्वरावर बांधलेली असते. ही लांबी टेनर ट्रॉम्बोनच्या नळीएवढी आणि बी फ्लॅट कॉर्नेटच्या (ट्रम्पेटसारख्या लहान पितळी वाद्याच्या) नळीच्या दुप्पट आहे. त्यामुळे युफोनियम कॉर्नेटच्या बरोबर एक सप्तक खाली वाजते. नळीची लांबी सारखी असूनही ट्रॉम्बोन आणि युफोनियम यांचे नाद एकमेकांपासून फार वेगळे आहेत, कारण ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच व्यासाची राहते, तर युफोनियमची नळी माउथपीसपासून, कळांचा (व्हॉल्व्हचा) भाग सोडल्यास, हळूहळू रुंदावत जाऊन वर उघडणाऱ्या मोठ्या कर्ण्यात संपते. रुंदावणारी नळी आणि खोलगट माउथपीस यांमुळे नादातील वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे सूक्ष्म स्वर) सौम्य होतात, मूळ स्वर ठळक राहतो आणि आवाज भरदार, गोलाईचा व मऊ होतो. याच गुणावरून ‘गोड आवाजाचे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून वाद्याला नाव मिळाले. जर्मन भौतिकीविज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी याने १७९० च्या सुमारास काचेच्या दांड्या घासून वाजवायचे ‘युफोन’ नावाचे वाद्य तयार केले होते. नावाचे मूळ एकच असले, तरी त्याचा या पितळी वाद्याशी संबंध नाही.

बॅरिटोन हॉर्न आणि युफोनियम यांची नेहमी गल्लत होते. दोन्हींची नळी सारख्याच लांबीची व सारख्याच स्वराची असते; परंतु बॅरिटोनची नळी अरुंद आणि कर्णा लहान असल्याने त्याचा आवाज अधिक हलका व काहीसा टोकदार येतो. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ही दोन स्वतंत्र वाद्ये मानली जातात. अमेरिकेत मात्र शालेय बँडमधील युफोनियमलाही दीर्घकाळ ‘बॅरिटोन’ म्हटले गेले, त्यामुळे जुन्या अमेरिकन स्वरलिपीत हे नाव आढळले की कोणते वाद्य अभिप्रेत आहे ते संदर्भावरूनच ठरवावे लागते.

युफोनियमपूर्वी बँडमधील खालचा स्वर सांभाळण्याचे काम सर्पंट व ऑफिक्लाइड या वाद्यांकडे होते. नागमोडी वळणाचे, चामड्याने मढवलेले लाकडी सर्पंट १५९० मध्ये फ्रान्समधील ओसेर येथील धर्माधिकारी एदमे गियोम याने शोधले, असे परंपरेने सांगितले जाते. या माहितीचा आधार म्हणजे आबे लबफ याने १७४३ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनंतर, लिहिलेला वृत्तांत होय; म्हणून अलीकडचे अभ्यासक तिच्याकडे सावधपणे पाहतात आणि सर्पंटची वाढ इटलीतील मोठ्या आकाराच्या कॉर्नेटो या (कॉर्नेटहून वेगळ्या) लाकडी वाद्यापासून क्रमाक्रमाने झाली असावी, या मताकडे त्यांचा कल दिसतो. ऑफिक्लाइडचा काळ अधिक निश्चित आहे. पॅरिसचा वाद्यकार आलारी याने ते १८१७ च्या सुमारास तयार केले आणि १८२१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते धातूचे होते, पण त्याच्या नळीवर भोके असत आणि ती सॅक्सोफोनप्रमाणे झाकणांनी उघडली-मिटली जात. त्यामुळे प्रत्येक स्वराचा पोत थोडा निराळा येई. तरीही कुशल वादकांच्या हाती ते फार बोलके ठरले. वेल्समधील सिफार्था बँडमधून पुढे आलेला व नंतर लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेराच्या वाद्यवृंदात वाजवणारा सॅम ह्यूज हा त्याचा नामवंत वादक होता, आणि त्याच्यासारख्यांमुळेच इंग्लंडमध्ये हे वाद्य युफोनियम आल्यानंतरही कित्येक वर्षे टिकून राहिले.

खरा बदल घडवला तो कळेने, म्हणजे व्हॉल्व्हने. हाइन्रिख श्ट्योल्त्सेल आणि फ्रीड्रिख ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये प्रशियात कळेचे संयुक्त पेटंट घेतले. मूळ कल्पना कोणाची, याबद्दल त्या दोघांतच पुढे वाद झाला. कळ दाबली की हवेचा मार्ग एका जादा नळीतून वळतो, एकूण लांबी वाढते आणि स्वर उतरतो. सगळे स्वर एकाच कर्ण्यातून बाहेर पडत असल्याने त्यांचा पोत एकसारखा राहतो. या सोयीचा उपयोग करून बर्लिनमधील लष्करी बँडचा संचालक व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि वाद्यकार योहान गॉट्फ्रीड मोरिट्स यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी पाच कळांच्या बेस ट्यूबा या खर्जातील पितळी वाद्याचे पेटंट मिळवले. इथपर्यंतचा इतिहास बहुतेकांना मान्य आहे.

युफोनियमचा जनक कोण, या प्रश्नावर मात्र एकमत नाही. जुन्या संदर्भग्रंथांत वायमारचा संगीतकार फेर्डिनांड झोमर याला हे श्रेय दिलेले असते व वर्ष १८४३ असे नोंदवलेले असते. झोमरने आपल्या ‘युफोनियन’ नावाच्या वाद्याचा प्रसार स्वतः वाजवून केला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याने ते ‘झोमरोफोन’ या नावाने सादर केले, आणि इंग्रज श्रोत्यांवर त्याची मोठी छाप पडली. दुसरा पक्ष असे दाखवून देतो की, मोरिट्स घराण्यातील कार्ल व्हिल्हेल्म मोरिट्स याने १८३८ मध्येच बी फ्लॅट स्वराचा टेनर ट्यूबा तयार केला होता. लांबी, रुंदावणारी नळी व कळा ही तिन्ही लक्षणे त्यात आढळत असल्याने झोमरचे वाद्य ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती ठरते. तिसरा पक्ष आडॉल्फ साक्स याचा. बेल्जियममधून पॅरिसला आलेल्या साक्सने १८४३ मध्ये व पुन्हा १८४५ मध्ये सॅक्सहॉर्न या वाद्यकुलाची पेटंटे घेतली. उंच स्वरापासून खर्जापर्यंत एकाच आकृतिबंधाची वाद्ये असलेल्या या कुलातील बेस सॅक्सहॉर्न हे युफोनियमचे अगदी जवळचे भावंड आहे. साक्समध्ये स्वतःचा माल लोकांपुढे मांडण्याची विलक्षण हातोटी होती. २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर जुन्या पद्धतीचा बँड आणि साक्सच्या वाद्यांचा बँड यांचा जाहीर सामना झाला. त्यात साक्सची बाजू सरस ठरली आणि फ्रेंच सैन्याने त्याची वाद्ये स्वीकारली. प्रतिस्पर्धी वाद्यकारांनी मात्र, ही वाद्ये जर्मनीत आधीपासून होती, असा दावा करून त्याला अनेक वर्षे न्यायालयांत झुंजवले. व्हीप्रेख्टनेही साक्सच्या नावीन्याला उघड आव्हान दिले होते.

या तिन्ही मतांत तथ्य आहे, कारण प्रत्येक पक्ष वेगळ्याच गोष्टीचे मूळ शोधत आहे. वाद्याच्या रचनेपुरते बोलायचे तर मोरिट्सच्या टेनर ट्यूबाचा अग्रक्रम नाकारणे कठीण आहे. नाव आणि एकल वादनाचे वाद्य म्हणून झालेली ओळख झोमरकडे जाते. आणि बँडच्या सर्व पट्ट्यांत बसणाऱ्या एकसंध कुलाची कल्पना प्रत्यक्षात उतरवून ती सर्वदूर पोचवली साक्सने. आजचे रुंद नळीचे इंग्लिश युफोनियम या तिघांच्याही वाद्यांपेक्षा काहीसे निराळे आहे. नळीचा व्यास वाढवून हा बदल घडवण्याचे श्रेय सामान्यतः लंडनचा वादक आल्फ्रेड फेझी याला दिले जाते. त्याआधी सॅक्सहॉर्न इंग्लंडात पोचवले होते ते डिस्टिन या वादक कुटुंबाने. १८४४ मध्ये पॅरिसमध्ये साक्सची भेट झाल्यावर या कुटुंबाने आपले दौरे त्याच्या वाद्यांवर सुरू केले.

युफोनियमच्या यंत्ररचनेतील मूळ अडचण गणिती आहे. पहिली कळ स्वर दोन अर्धस्वरांनी, दुसरी एका आणि तिसरी तीन अर्धस्वरांनी उतरवते, आणि प्रत्येक कळेची जादा नळी मोकळ्या नळीच्या लांबीच्या प्रमाणात कापलेली असते. दोन किंवा तीन कळा एकत्र दाबल्या की मूळ नळी आधीच लांबलेली असते. तिच्या मानाने पुढची जादा नळी अपुरी पडते आणि स्वर चढा लागतो. तिन्ही कळा एकत्र दाबल्यावर सहा अर्धस्वर उतरण्यासाठी लागणाऱ्या लांबीपेक्षा प्रत्यक्ष लांबी सुमारे १२ सेंमी. कमी भरते. कॉर्नेटमध्ये हीच तूट निम्मी असते व ओठांनी सावरता येते. युफोनियममध्ये ती कानाला स्पष्ट खटकते. पाच अर्धस्वर उतरवणारी चौथी कळ जोडल्याने काही जोड्या टाळता येतात, पण चौथीबरोबर इतर कळा दाबल्या की तोच दोष अधिक तीव्र होतो, आणि चारही कळा दाबूनसुद्धा अगदी तळाचा एक स्वर मिळतच नाही. लंडनच्या बूसी कंपनीतील डेव्हिड जेम्स ब्लेकली याने १८७० च्या दशकात यावर काढलेला तोडगा आजही सर्वोत्तम मानावा लागेल. त्याच्या रचनेत चौथी कळ दाबली की हवा पहिल्या तीन कळांमधून परत एकदा फिरते, आणि त्यांपैकी दाबलेल्या कळांना जोडलेल्या छोट्या पूरक वळ्यांतून जाते. त्यामुळे जिथे लांबी कमी पडत होती तिथे ती आपोआप भरून निघते. वादकाला वेगळे काही करावे लागत नाही. वजन आणि हवेचा अडथळा वाढतो, ही त्याची किंमत. पहिल्या तीन कळा उजव्या हाताला वर आणि चौथी डाव्या हातासाठी बाजूला, ही मांडणी याच रचनेमुळे रूढ झाली.

ब्रिटिश ब्रास बँडमध्ये दोन युफोनियम असतात आणि त्यांची भूमिका तंतुवाद्यवृंदातील चेलोसारखी असते. लेखन ट्रेबल क्लेफमध्ये (स्वरलिपीतील उंच स्वरांच्या चिन्हात) होते व प्रत्यक्ष स्वर त्याच्या नवव्या अंतरावर खाली वाजतो. त्यामुळे कॉर्नेट शिकलेल्या मुलाला बोटांची ठेवण न बदलता युफोनियम हाती घेता येते. लष्करी बँड व ऑर्केस्ट्रात बेस क्लेफ (खालच्या स्वरांचे चिन्ह) वापरतात. अमेरिकेत एकाच वाद्याला दोन कर्णे असलेला युफोनियमही काही काळ लोकप्रिय होता. अमेरिकन बँडसंचालक सूझा याच्या बँडमधील सिमोनी मांतिया हा त्या काळचा श्रेष्ठ एकलवादक.

एकल रचनांपैकी इटालियन संगीतकार पाँकिएली याने १८७२ मध्ये लिहिलेला कॉन्चेर्तो (एकल वाद्य व वाद्यवृंद यांची रचना) सर्वांत जुना मानला जातो. ऑर्केस्ट्रात मात्र युफोनियमला कायमची जागा मिळाली नाही. रिखार्ड श्ट्राउस आणि गुस्टाव्ह होल्स्ट यांनी ‘टेनर ट्यूबा’ या नावाने लिहिलेले भाग आता बहुधा युफोनियमवर वाजवले जातात. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधील ‘मार्स’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. लष्करी बँडसाठी १९०९ व १९११ मध्ये लिहिलेल्या दोन सुइटमध्ये (छोट्या रचनांच्या मालिकांमध्ये) होल्स्टने या वाद्याला अधिक मोकळेपणाने गाऊ दिले आहे. जोसेफ होरोविट्स याच्या १९७२ च्या कॉन्चेर्तोने एकलवादनाचे नवे पर्व सुरू केले, असे म्हणता येईल. १९७६ मध्ये ब्रायन बोमन याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये स्वतंत्र मैफल केली. इतक्या गात्या आवाजाच्या वाद्याला मैफलीच्या मंचावर येण्यासाठी एवढा काळ लागावा, ही खेदाचीच गोष्ट आहे.

भारतात पाश्चात्त्य बँड युफोनियमच्या आधी आला. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारी असा बँड होता, परंतु त्यांचे निधन १८३२ मध्ये झाले असल्याने त्यात हे वाद्य असणे शक्य नाही. युफोनियम येथे रुजले ते ब्रिटिश पलटणींच्या बँडमधून. स्वातंत्र्यानंतर लष्करी बँडवादकांचे शिक्षण मध्य प्रदेशातील पचमढी येथे होऊ लागले. वाद्यनिर्मितीचे मुख्य केंद्र मेरठ असून तेथील नादिर अली कंपनी १८८५ पासूनची आहे. वरातीत आणि पुण्यामुंबईच्या गणेशविसर्जन मिरवणुकीत वाजणाऱ्या बँडपथकांत युफोनियमचा उपयोग लष्करी पद्धतीहून वेगळा होतो. तेथे स्वरसंवादाचे स्वतंत्र भाग फारसे नसतात. ट्रम्पेट व क्लॅरिनेट जी धून वाजवतात, तीच युफोनियम एक सप्तक खाली वाजवून तिला वजन देते. अशी धून साधारणतः दीड सप्तकात मावते आणि वाद्याच्या तळाच्या स्वरांपर्यंत क्वचितच उतरते. त्यामुळे ब्लेकलीच्या महागड्या पूरक रचनेवाचून तीन कळांचे साधे वाद्य या पथकांना पुरते.