घाणेरी, गिरीपुष्प, जलपर्णी: मुंबईत ही झाडं आली कशी

नॅशनल पार्कात घाणेरी उपटायला जायचं किंवा पवईची जलपर्णी परत वाढली असा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, ही झाडं मुळात आली कुठून. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक माणसांनीच मुद्दाम आणली, कधी हौसेने, कधी सरकारी योजनेतून, आणि लावताना प्रत्येकाकडे चांगलं कारण होतं.

सगळ्यात जुनी घाणेरी, म्हणजे टणटणी. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. युरोपातल्या नर्सरीवाल्यांनी तिचे संकर करून रंगीबेरंगी जाती काढल्या आणि 19व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली, मग कुंपणाला म्हणून देशभर गेली. तेव्हा परदेशी रोपं आणून लावायची फॅशनच होती. मुंबईत शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, जिथे नंतर ख्रिश्चन कबरस्तान झालं, आणि 1862 ला भायखळ्याची राणीबाग उघडली, तिथेही बाहेरदेशची झाडं कौतुकाने लावली गेली. त्यातली सगळीच काय उपद्रवी निघाली नाहीत, गुलमोहर मादागास्करचा आहे पण तो जंगल गिळत सुटला नाही.

घाणेरी ओळखायला सोपी. खोड चौकोनी, त्यावर बारीक वाकडे काटे, पान खरखरीत, चुरगळलं की उग्र वास. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा केशरी, कारण फूल जुनं झालं की रंग बदलतं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, विषारी आहे, पण पिकलेली काळी फळं बुलबुल आवडीने खातात आणि बी पार कुठल्या कुठे नेऊन टाकतात. म्हणून एका कोपऱ्यात साफ केली तरी शेजारच्या कोपऱ्यातून परत येते.

गाजरगवताची गोष्ट वेगळी, ते कोणी लावलं नाही. 1955 च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि अमेरिकेतून आलेल्या धान्यातून बी आलं असं मानतात, लोक अजूनही त्याला काँग्रेस म्हणतात ते त्याच काळातलं. रेल्वेच्या कडेला, डेब्रिजच्या ढिगावर बघा, पांढरी बारीक फुलं आणि गाजरासारखी पानं. फुलायच्या आधी उपटायचं, आणि ग्लोव्ह्ज घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते.

माझ्या मते मुंबईत जास्त बोलायला हवं ते गिरीपुष्पाबद्दल, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं कारण ते दिसतं सुंदर. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड, तिकडे कोकोच्या मळ्यात सावलीला लावतात. आपल्याकडे उंदीरमारी पण म्हणतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात उघडे डोंगर पटकन हिरवे करायचे होते, आणि याची फांदी तोडून पावसात नुसती खोचली तरी जगते, निकृष्ट मुरमाड जमीनही चालते, मग काय, वनीकरणाचं टार्गेट पूर्ण करायला यापेक्षा सोयीचं झाड कुठलं. त्याच काळात सुबाभूळही चारा आणि सरपणाचं जादूचं झाड म्हणून गाजत होतं, त्याच्या चपट्या तपकिरी शेंगांचे झुपके आज शहरात कुठल्याही मोकळ्या जागेत दिसतात. फेब्रुवारीत गिरीपुष्पाची पानं झडून नुसत्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं येतात, लोक खाली उभं राहून सेल्फी काढतात. डोंगर हिरवा झाला हे खरं, पण खाली देशी रोपं उगवायला जागा उरली नाही. एकाच जातीच्या झाडांचा पट्टा म्हणजे जंगल नव्हे, हे तेव्हाही कळायला हवं होतं.

जलपर्णी ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, जांभळ्या फुलांसाठी 19व्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आणली. पवई तलाव साधारण 1891 चा, पिण्याच्या पाण्यासाठी बांधला पण पाणी पिण्यालायक राहिलं नाही. फुगीर, स्पंजसारख्या देठांमुळे जलपर्णी तरंगते आणि पोषक पाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. हे पोषण सांडपाण्यातून मिळतं, ते येतच राहिलं तर मशीन लावून कितीही काढा, तिला खाऊ घालणं चालूच आहे, शिवाय बी गाळात 15-20 वर्षं टिकतं.

काढण्याचा इतिहास मात्र बराचसा वरवर कापण्याचाच आहे. घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी सांगितलेली पद्धत जास्त उपयोगी, जमिनीखाली जरा खोल, मूळ जिथे सुरू होतं तिथेच तोडायचं आणि ते झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे परत रुजत नाही. त्यानंतर निदान दोन-तीन पावसाळे नवीन रोपं उपटत राहायची आणि मोकळ्या जागेत तिथलंच देशी काही आणायचं, नाहीतर तिथे रानमोडी, म्हणजे असंच दुसरं परदेशी झुडूप, येते आणि सगळं मुसळ केरात.

गिरीपुष्पाचं मात्र एकदम सगळं तोडून चालत नाही, उतार उघडा पडला की माती वाहून जाते. आधी खाली सावलीत वाढणारी देशी रोपं लावायची, ती वर आली की गिरीपुष्प हळूहळू विरळ करायचं. आणि शहरात एक अडचण कायद्याची, 1975 चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा देशी-विदेशी असा फरक करत नाही, त्यामुळे मोठं गिरीपुष्प तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून व्हॉलंटियर ग्रुपनी मोठ्या झाडांच्या नादी न लागता नव्याने उगवलेल्या रोपांपासून सुरुवात करावी, ती हाताने उपटता येतात.