बाळाला कुंडातून कुणी उचललं?

मुलांच्या लग्नामुळे दोन बाप एकमेकांचे व्याही होतात. कॅथलिक युरोपात असंच एक नातं बाप्तिस्म्यातून जुळायचं. बाप्तिस्म्याच्या विधीत बाळाला पाण्याच्या कुंडातून उचलून घेणारा बाळाचा धर्मपिता. पण बाळाच्या बापाचा तो कोंपाद्रे, म्हणजे ‘सहपिता’. स्पॅनिश मुलखांत आजही दोस्ताला हाक मारतात ती ‘कोंपाद्रे’ अशी. खरं वजन होतं ते याच मोठ्यांमधल्या नात्याला.

सुरुवातीला आईबापच आपल्या मुलाचे जामीन राहत, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने उभे राहत. पण बाप्तिस्मा म्हणजे दुसरा जन्म, तेव्हा त्यातून जुळणारी माणसंही रक्ताचीच, हा तर्क हळूहळू कायद्यात उतरला. ५३० साली सम्राट जस्टिनियनने धर्मपिता आणि धर्मकन्या यांच्या लग्नावर बंदी घातली. ६९२ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने धर्मपित्याला मुलाच्या विधवा आईशी लग्न करायला मनाई केली. मग आईनेच स्वतःचं बाळ उचललं तर? ती नवऱ्याचीच सहमाता ठरणार! आठव्या शतकातली फ्रँक लोकांची (आजच्या फ्रान्सच्या भागातले राज्यकर्ते) एक बखर सांगते, की फ्रेडेगुंड नावाच्या दासीने राणी ऑडोवेराला नेमकं हेच करायला लावलं आणि राजा चिल्पेरिकने राणीला मठात धाडलं. कथा बहुधा रचलेली असावी, पण ऐकणाऱ्यांना ती पटत होती हे महत्त्वाचं. ८१३ मध्ये माइंझच्या परिषदेने आईबापांना जामीन राहायला बंदीच केली.

पुढे हे जाळं इतकं पसरलं, की धर्मपित्याची पोटची मुलंही धर्मपुत्राची भावंडं ठरली. त्यात १२१५ पासून रक्ताच्या नात्यात चार पिढ्यांपर्यंत लग्न वर्ज्य. कुंडाजवळ पाच-सहा जणांनी बाळाला हात लावला, की लहान गावात स्थळं आटायची. उलट लग्न मोडायचं असेल, तर असं एखादं विसरलेलं नातं उकरून काढता यायचं.

१५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने याला लगाम घातला. जामीन एकच, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री. पाद्रीने आधी नावं विचारायची, त्यांनाच बाळ हाती घेऊ द्यायचं आणि नावं वहीत लिहायची. इतर कुणी बाळाला हात लावला तरी नातं जुळत नाही. जागा दोनच उरल्यावर लोक त्या विचार करून भरू लागले. गरिबाने जमीनदाराला कोंपाद्रे करून घेणं लॅटिन अमेरिकेत सर्रास चाले. ब्राझीलच्या बाहियात मात्र मालक स्वतःच्या गुलामांच्या मुलांचे धर्मपिता क्वचितच होत. ‘सहपित्या’ला फटके कसे मारणार?

गोव्यात धर्मांतर करणाऱ्यांना बऱ्याचदा पोर्तुगीज धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळे. म्हणून तिथली एकाच आडनावाची दोन घरं भाऊबंद असतीलच असं नाही.

चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेने लॅटिन पंथातली, म्हणजे रोमच्या परंपरेतल्या कॅथलिकांमधली, ही लग्नबंदी काढली. जामीन सोळा वर्षांचा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा विधी) झालेला हवा आणि तो आईबाप नसावा, असे नियम तिच्यात आहेत. पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडच्या परंपरा पाळणाऱ्या पौर्वात्य कॅथलिकांच्या १९९० च्या संहितेत मात्र बंदी टिकून आहे. म्हणजे वसईतल्या लॅटिन कॅथलिक धर्मपित्याला मुलाच्या विधवा आईशी लग्न करता येतं. कल्याणच्या सिरो-मलबार (केरळमधल्या पौर्वात्य पंथाच्या) कॅथलिकाला त्यासाठी आधी सूट मागावी लागते.