पुण्याच्या टेकड्या आणि वीस वर्षांचे आराखडे

पुण्याच्या टेकड्यांवर बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हा विषय काही वर्षांनी पुन्हा वर येतोच. २०२५ मध्ये राज्य सरकारने जैवविविधता उद्यानासाठी टेकड्यांची जमीन राखून ठेवणारं आरक्षण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘बीडीपी’, आणि डोंगरमाथा-डोंगरउताराचे नियम यांचा अभ्यास करायला निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला आणि चर्चा पुन्हा पेटली. बिल्डर विरुद्ध पर्यावरणप्रेमी असं तिचं चित्र रंगवलं जातं. माझ्या मते खरं दुखणं त्याच्याही आधीचं आहे. या शहरात जमिनीचा निर्णय वेळेवर होत नाही, झाला तर अंमलात येत नाही, आणि मधल्या काळात जागेवर जे व्हायचं ते होऊन जातं.

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये झाली. त्यानंतरचा शहराचा पहिला विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, १९६६ मध्ये मंजूर झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. आजही सगळा कारभार याच कायद्याने चालतो. मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभागृहाने, आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, सध्याच्या जमीनवापराची पाहणी करायची, प्रारूप प्रसिद्ध करायचं, हरकती-सूचना मागवायच्या. त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. या समितीत स्थायी समितीचे तीन नगरसेवक आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. शेवटची मंजुरी मात्र राज्याच्या नगरविकास विभागाची. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय आहे, जमीनवापराचं नियमन दुसरा. तरीही आराखड्यावरची शेवटची सही मंत्रालयातच होते.

दुसरा आराखडा १९८७ चा. त्यातल्या एका आरक्षणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शहराच्या मध्यभागाभोवती सुमारे ३६ किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग नकाशावर आखला गेला, ‘एचसीएमटीआर’, म्हणजे उच्च क्षमतेचा सार्वजनिक वाहतूक मार्ग. त्या रेघेखाली ज्यांची जागा आली त्यांचे बांधकाम नकाशे अडले, वाटण्या अडल्या, विक्री अडली. पुढे रुंदी बदलली, आखणी बदलली, २०१९ मध्ये निविदा आल्या, त्या अंदाजापेक्षा फारच चढ्या निघाल्या आणि रद्द झाल्या. १९८७ साली जन्मलेलं मूल आज चाळिशीच्या घरात आहे. तो मार्ग अजून कागदावरच आहे.

कायद्याच्या १२७ व्या कलमाचं महत्त्व इथे कळतं. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, पुढे बारा आणि नंतर चोवीस महिन्यांची झाली. मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे. पण नोटीस आली, महापालिकेकडे पैसा नव्हता, मुदत टळली, की शाळेची किंवा बागेची जागा कायमची गेली. २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाल्यावर रोख मोबदला आणखी महागला. म्हणूनच महापालिकेचा भर जागेच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्यावर राहिला.

आता टेकड्यांकडे. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिका हद्दीत आली. विरोध झाला, १५ गावं पुढे वगळली गेली, २३ राहिली. या गावांचा आराखडा करताना टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टर जमिनीवर बीडीपीचं आरक्षण सुचवलं गेलं. तेव्हा टेकड्यांवर चार टक्के बांधकाम होऊ द्यावं असाही आग्रह होता. माजी महापौर वंदना चव्हाण आणि हरित पुणे चळवळीतले नागरिक त्याविरुद्ध उभे राहिले आणि २००५ मध्ये मुख्य सभेने आरक्षणाच्या बाजूने कौल दिला. या शहराच्या सभागृहाने घेतलेल्या उत्तम निर्णयांपैकी हा एक, असं मी मनापासून मानतो.

पण प्रस्ताव राज्याकडे गेला आणि तिथे अडकला. २००८ मध्ये आराखड्याचा बाकीचा भाग मार्गी लागत असताना बीडीपीचा मुद्दा बाजूला ठेवला गेला. आरक्षणाला मंजुरी मिळाली २०१५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सभागृहाच्या निर्णयानंतर दहा वर्षांनी. या दहा वर्षांत टेकडीच्या पायथ्याशी काय होतं ते कुणालाही पाहता येतं. आधी मुरमाचा कच्चा रस्ता वर चढतो. मग चुन्याच्या फक्कीने प्लॉट पाडले जातात, एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे. व्यवहार साध्या स्टँपपेपरवर, सातबाऱ्यावर सामाईक नावं. पत्र्याची खोली उठते, विजेचं मीटर येतं, मग स्लॅब पडतो. घेणारा बहुतेकदा रोजंदारीवरचा किंवा छोट्या पगाराचा माणूस, आयुष्याची पुंजी लावून बसलेला. त्याला उठवायचं म्हटलं तर कुठल्या तोंडाने?

मूळ जमीनमालकांचंही ऐकायला हवं. मंजुरी देताना मोबदला ठरला तो आठ टक्के टीडीआर. सपाट जागेवरच्या आरक्षणाला याच्या कितीतरी पट मिळतं. वाडवडिलांची जमीन शहराच्या हवेसाठी आणि पाण्यासाठी राखून ठेवायची आणि हाती इतकं थोडं पडायचं, हा सौदा त्यांनी का मान्य करावा? साहजिकच फारच थोडी जमीन ताब्यात आली. टेकडी वाचवायची असेल तर तिची किंमत शहराने मोजली पाहिजे, आणि ही गोष्ट टेकड्यांवर प्रेम करणाऱ्या आम्ही पुरेशी ठामपणे मांडलेली नाही.

जुन्या हद्दीचा आराखडाही असाच रखडला. २००७ ते २०२७ या काळासाठीच्या आराखड्याचा इरादा २००७ मध्ये जाहीर झाला, प्रारूप प्रसिद्ध झालं २०१३ मध्ये. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. मुदती उलटत गेल्या आणि मार्च २०१५ मध्ये राज्याने आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या समितीकडे सोपवला. समितीने बरीच आरक्षणं कमी केल्यावरून पुन्हा रण माजलं. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं तोवर सरून गेली होती.

त्याच वर्षी ११ गावं हद्दीत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली आणि ५१६ चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेली पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी ठरली. जुलैमध्ये मुख्य सभेने या नव्या गावांच्या आराखड्याचा इरादा जाहीर केला, तर राज्याने नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिले. कचरा, पाणी, ड्रेनेज महापालिकेने पाहायचं, बांधकाम परवानग्या दुसऱ्याने द्यायच्या. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न तिथूनच चिघळला. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं पुन्हा महापालिकेतून बाहेर पडली.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. ठराव होत होते, पण सभागृहात उलट प्रश्न विचारायला कुणी निवडून आलेलं नव्हतं. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला आणि तिथल्या बोगद्यांना २०२३ मध्ये मोठा विरोध झाला, तोही याच काळात. लोक रस्त्यावर उतरले, कारण बोलायला दुसरी जागा उरली नव्हती.

कायद्यानुसार आराखड्याचा फेरआढावा वीस वर्षांतून एकदा तरी घ्यायचा असतो, आणि जुन्या हद्दीच्या आराखड्याचा कालावधी २०२७ मध्येच संपतो आहे. बीडीपीच्या मोबदल्याचा दर आणि त्यासाठी अंदाजपत्रकातली दरवर्षीची तरतूद हे दोन विषय सभागृहाने त्याआधी पटलावर घ्यायला हवेत. इरादा जाहीर झाल्यावर घड्याळ सुरू होतं, आणि आजवर तरी ते पुण्यात कधी वेळेत गाठलं गेलेलं नाही.